नदीची वहिवाट

वल्हं हळू टाका. होडी पत्र्याची आहे. तळ गोट्यांना घासला की आवाज पार समोरच्या कड्यापर्यंत जातो. साल 1953, ऑगस्टातली सकाळ. तुम्ही अमेरिकेच्या मिसूरी राज्यात, ओझार्कच्या डोंगराळ मुलखात, मेरामेक नदीवर आहात. महायुद्ध संपल्यावर विमानं बांधणाऱ्या ग्रुमन कंपनीने अॅल्युमिनियमच्या होड्या बाजारात आणल्या, दोघांना उचलून नेता येतील अशा. त्यामुळे सेंट लुइसच्या कारखान्यात आठवडाभर राबणारा माणूसही आता शनिवारी गाडीच्या टपावर होडी बांधून इथवर येतो. तुम्ही तसेच आलात. सरकारी रस्त्याचा पूल आहे तिथे होडी पाण्यात सोडलीत. कुणाच्या शेतातून आला नाहीत, कुणाचं फाटक उघडलं नाहीत.

नदी इथे अजून लहान आहे. सेलम गावाच्या आसपास उगम पावून साडेतीनशे किलोमीटर वळणं घेत ती सेंट लुइसच्या खाली मिसिसिपीला मिळते, पण इथे वरच्या अंगाला कुठे पोटरीभर पाणी, कुठे हिरवा डोह, की लगेच पुन्हा खळाळ. उजवीकडे चुनखडीचा उभा कडा आहे आणि त्याच्या कपारीतून झऱ्याचं थंडगार पाणी गळतंय. डावीकडे सिकमोरची पांढरी खोडं पात्रावर वाकली आहेत. पाणी इतकं नितळ की डोहाच्या तळाशी प्रवाहाकडे तोंड करून थांबलेला स्मॉलमाउथ बास मासा तुम्हाला स्पष्ट दिसतो.

पुढचं वळण घेता आणि वल्हं थांबतं. पात्राच्या या थडीपासून त्या थडीपर्यंत तार ताणलेली आहे आणि तिला फळ्या टांगलेल्या आहेत. गुरं पात्रातून चालत शेजारच्या रानात जाऊ नयेत, म्हणून हे कुंपण. दर पुरात ते वाहून जातं आणि दर पुरानंतर शेतकरी ते पुन्हा बांधतो. नेमकं तिथेच पाणी उथळ झालंय आणि होडी रुतली आहे. उतरून ओढावी लागणार. तुम्ही एक पाय पाण्यात टाकता. गोटे गुळगुळीत आहेत, पाणी घोट्याच्या वर येतं.

काठावर शेताचा मालक उभा आहे. त्याचं म्हणणं नीट ऐका, कारण तो खोटं बोलत नाही. दोन्ही थड्या त्याच्या आहेत. खरेदीखतानुसार मधला नदीचा तळसुद्धा त्याचाच, आणि त्या जमिनीची पट्टी तो दरसाल भरतो. मागे कुणा होडीवाल्यांनी तार कापली तेव्हा दोन वासरं रानोमाळ गेली. बाटल्यांच्या काचा गुरांच्या खुरांत घुसतात. वाहतं पाणी कुणाचं का असेना, तो म्हणतो, तुमचा पाय ज्या गोट्यावर आहे तो गोटा माझा आहे.

पाय मागे घ्यायचा की पुढे टाकायचा? ते ठरवण्याआधी साठेक वर्षं मागे चला.

आता थंडी आहे आणि तुमच्या हातात वल्ह्याऐवजी लांब बांबूएवढा सोट आहे. पश्चिमेकडे रेल्वे पसरते आहे. एका मैलाच्या रुळांखाली अडीच हजारांहून जास्त लाकडी स्लीपर लागतात आणि जिथे रूळ पडताहेत त्या माळरानांवर झाड नाही. ओझार्कमध्ये व्हाइट ओक आहे, कठीण आणि लवकर न कुजणारा. शेतीची कामं संपली की इथला शेतकरी रुंद पात्याची कुऱ्हाड घेऊन रानात शिरतो. झाड पाडतो, आठ फुटांचे तुकडे करतो, खोडावर उभा राहून दोन बाजू सपाट तासतो. दिवसभर तेच. मजुरी दिवसाची नाही, नगाची. ओल्या ओकचा एक-एक स्लीपर भलताच जड आणि रानातून स्टेशनापर्यंत बैलगाडी जाईल असा रस्ता नाही. रस्ता आहे तो एकच, नदीचा.

म्हणून कड्यावरून स्लीपर घसरगुंडीने खाली पाण्यात सोडतात. त्यांचा धडधडाट तुम्हाला वळणाआधीच ऐकू येतो. खाली माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ते ओळीने लावतात आणि वरून आडवे फाटे खिळ्यांनी ठोकतात. असे तुकडे एकामागे एक सैल जोडले की लांबलचक तराफा तयार होतो, वळणावर वळू शकेल असा. ओलं ओक जेमतेम तरंगतं, त्यामुळे तराफा अर्धा पाण्याखाली आणि तुमचे बूट कायम भिजलेले. तुम्ही शेपटाकडे उभे आहात. तुमचं काम ब्रेक लावण्याचं. धार जोराची झाली, पुढचा माणूस ओरडला, की सोट नदीच्या तळात रोवायचा आणि सगळ्या अंगाचा भार त्यावर टाकायचा. नाहीतर मागचे तुकडे पुढच्यांवर चढतात आणि आठवड्याची मजुरी कड्यावर आपटून विखुरते.

तराफा पुळणीवर अडकला तर उतरून ढकलता. रात्र झाली तर गोट्यांच्या त्याच पुळणीवर शेकोटी पेटवून झोपता. ती पुळण कुणाच्या मालकीची, हे तुम्हाला कुणी विचारत नाही. ज्याचं शेत तिथे आहे त्यानेही या हिवाळ्यात स्लीपर तासले आहेत आणि ते तुमच्याच तराफ्यात आहेत.

या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. अमेरिकी नद्यांच्या इतिहासात आगबोटींच्या कप्तानांना भरपूर जागा मिळते, तराफेवाल्यांना ओळ-दोन ओळी. पण मिसूरीच्या लहान नद्यांवर आज सामान्य माणसाला जो हक्क आहे, तो आगबोटींनी मिळवून दिलेला नाही. आगबोट इथवर येऊच शकत नव्हती. तो या भिजलेल्या बुटांनी मिळवून दिला. वर्षानुवर्षं, कुणाची परवानगी न मागता आणि कुणाचं नुकसान न करता ते या वाटेने गेले, आणि वहिवाट पडली.

कल्पना मात्र त्यांच्याहून खूप जुनी आहे. क्षणभर सन 533 मध्ये डोकवा. कॉन्स्टँटिनोपलला सम्राट जस्टिनियनच्या कायदेपंडितांनी विद्यार्थ्यांसाठी ‘इन्स्टिट्यूट्स’ हा ग्रंथ सिद्ध केला आहे. त्यात नदीकाठाबद्दल दोन गोष्टी शेजारी शेजारी लिहिल्या आहेत. काठ आणि काठावरची झाडं शेजारच्या जमीनमालकाची. पण त्याच झाडाला दोर बांधून नाव लावण्याचा आणि काठावर माल उतरवण्याचा हक्क सगळ्यांचा. मालकी एकाची आणि वापर सर्वांचा, दोन्ही एकाच मातीत, आणि त्या पंडितांना त्यात काही विसंगत वाटत नाही. 1215 मध्ये इंग्लंडच्या राजाला मॅग्ना कार्टात कबूल करावं लागलं की टेम्स, मेडवे आणि देशभरच्या नद्यांतून मासे धरण्याचे आडवे बंधारे काढले जातील. 1787 मध्ये तरुण अमेरिकेने वायव्येच्या प्रदेशासाठी कायदा केला, त्यात मिसिसिपीला मिळणाऱ्या नौकानयनयोग्य नद्या सर्वांसाठी कायमच्या खुल्या आणि करमुक्त वाटा ठरवल्या. 1820 मध्ये मिसूरीला राज्य होण्याची मुभा मिळाली, तेव्हा तीच अट तिच्या कपाळी लिहिली गेली.

अडचण एका शब्दात होती. ‘नौकानयनयोग्य’ म्हणजे कुठली नौका?

चला, परत या. तुमचा पाय अजून पाण्यातच आहे आणि हाच प्रश्न जेफरसन सिटीत, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे येऊन ठेपला आहे. एल्डर विरुद्ध डेलकूर, 1954. एल्डर डेंट काउंटीत मेरामेकवर होडीतून मासे धरत निघाला होता, वाटेत पाण्यात उतरून चाललाही होता. नदी डेलकूरच्या शेतातून जाते. डेलकूरचं म्हणणं, हे अतिक्रमण आहे. स्प्रिंगफील्डच्या अपील न्यायालयाने जमीनमालकाच्या बाजूने कौल दिलेला आहे. आता अखेरचा निकाल इथे.

बाकावर बसा आणि युक्तिवाद ऐका. संघराज्याचा नियम जुना आहे: ज्या नदीवर राज्य स्थापन झालं तेव्हा व्यापारी वाहतूक होऊ शकत होती, तिचा तळ सरकारचा. मेरामेकचा हा वरचा भाग त्यात बसत नाही. म्हणजे तळ डेलकूरचा, यावर वादच नाही. इथेच वकिली संपली असती. पण न्यायमूर्तींनी दोन प्रश्न वेगळे केले. तळाची मालकी कुणाची हा एक, आणि या पाण्यावरून जाण्याचा हक्क कुणाला हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नासाठी त्यांनी जहाजांकडे पाहिलं नाही. या नदीतून पूर्वी ओंडके आणि रेल्वेचे स्लीपर वाहून नेले जात होते, आणि लहान होड्या आजही जातात. तेवढं पुरेसं ठरलं.

निकाल असा: छोट्या होड्यांसाठी ही नदी प्रत्यक्षात नौकानयनयोग्य आहे. तिचं पाणी सार्वजनिक आहे, आणि डेलकूरच्या शेतातून जाणारं पाण्याखालचं पात्र हा तरंगत किंवा पाण्यातून चालत जाण्याचा सार्वजनिक रस्ता आहे, धंद्यासाठी असो वा आनंदासाठी. एल्डर अतिक्रमण करत नव्हता. त्यात वाहत्या पाण्यातले मासे धरणंही आलं. डेलकूरची जमीन डेलकूरचीच राहिली. तिच्यावरून एक वाट गेली, एवढंच.

मला हा निकाल न्यायाचा नमुना वाटतो. मालकाच्या हातचं त्यात काही हिरावलं नाही. बागायत त्याची, गुरं त्याची, काठावर कुणी तंबू ठोकला तर हाकलायचा हक्क त्याचा. नदीपर्यंत यायला त्याच्या रानातून कुणी घुसू शकत नाही. आणि सेंट लुइसच्या कामगारालाही शनिवारची नदी मिळाली. तेव्हा पाय पुढे टाका. होडी ओढून पलीकडे न्या. तार मात्र जशी होती तशी सोडा.

सगळीकडे असं घडलं नाही. 1976 च्या जुलैत कोलोरॅडो राज्यात उतरा. इथे नदीही कोलोरॅडोच, अजून डोंगरातली. तुमच्या बुडाखाली रबरी तराफा आहे, बसल्यावर पाय गुडघ्याखाली पाण्यात राहतील असा. खोली कुठे फूटभर, कुठे त्याहून बरीच जास्त. दोन्ही काठांवर मोठं पशुपालन फार्म आहे आणि मालकाने नदीवर आडवी एकेरी काटेरी तार बांधली आहे. तुम्ही सरकारी जागेतूनच पाण्यात उतरलात. तरी पाय अधूनमधून तळाला लागतात, खडक आला की लावावेच लागतात. पुढे तुमच्यावर खटला. 1979 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने या तराफेवाल्यांची शिक्षा कायम केली. पाणी जनतेचं आहे असं कोलोरॅडोच्या राज्यघटनेतच 1876 पासून लिहिलेलं आहे. न्यायालय म्हणालं, ते पाण्याच्या वाटपाबद्दल. तरंगण्याचा हक्क त्यातून निघत नाही, ज्याची जमीन त्याचा तिच्या वरच्या जागेवरही ताबा. 1983 मध्ये राज्याच्या अॅटर्नी जनरलने मत दिलं की तळाला न शिवता तरंगत गेलं तर फौजदारी गुन्हा होत नाही. तेव्हापासून तिथे माणसं पाय वर उचलून खडकांकडे पाहत जातात. ज्या नदीत खडक आहेत तिथे तळाला न शिवण्याची अट घालणं म्हणजे जाऊ नका असं सांगणंच आहे, आणि हा निकाल मला चुकीचा वाटतो.

मोंटानाने उलट बाजू धरली. डिअरबॉर्न आणि बीव्हरहेड या दोन नद्यांवरच्या खटल्यांत 1984 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, करमणुकीसाठी वापरता येतं ते पाणी जनतेला खुलं, तळ कुणाचाही असो. 1985 मध्ये विधिमंडळाने कायदा करून रेषाही आखली: नेहमीच्या भरल्या पाण्याची रेषा. तिच्या आत चालता येतं, अडथळा आला तर कमीत कमी त्रास होईल अशा रीतीने बाहेरून वळसा घालता येतो. नियम साधा आहे आणि मालकाला व वाटसरूला दोघांनाही डोळ्यांनी दिसतो.

आता 1978 चा ऑगस्ट, पुन्हा मेरामेक. नदीकाठच्या काउंट्यांत आणि सेंट लुइसमध्ये मतदान आहे. लष्कराच्या इंजिनिअर दलाला सलिव्हन गावाजवळ मोठं धरण बांधायचं आहे. जमिनी घेऊन झाल्या आहेत, काम सुरू झालंय. पाणी अडलं तर तुम्ही 1953 मध्ये ज्या नदीवर आलात तिचा मोठा पट्टा आणि कड्यांतल्या गुहा बुडणार. मतदान बंधनकारक नाही, फक्त लोकांचं मत घ्यायचं. सुमारे 64 टक्के लोक ‘नको’ म्हणाले. 1981 मध्ये काँग्रेसने धरणाची मंजुरीच काढून घेतली. मतदान केंद्राबाहेरच्या रांगेत उभे राहा आणि आजूबाजूला बघा. या माणसांनी नदी नकाशावर बघितलेली नाही. पंचवीस वर्षं ती तिच्यावरून गेली आहेत, मुलांना घेऊन गेली आहेत. हक्काची वाट नसती तर मेरामेक त्यांच्यासाठी पुलावरून दिसणारी एक चमकती पट्टी राहिली असती, आणि अशा पट्टीसाठी कुणी रांगेत उभं राहत नाही. जमीनमालकांनी हे ध्यानात घ्यावं असं मला मनापासून वाटतं: त्यांच्या शेतांना बुडण्यापासून वाचवणाऱ्यांत होडीवालेही होते.

पुढचा थांबा मला टाळता आला असता तर बरं झालं असतं. जुलै 2013, मेरामेकवरच, स्टीलव्हिलच्या परिसरात. होड्यांतून आलेली माणसं गोट्यांच्या पुळणीवर थांबली आहेत. जवळच्या जागेचा मालक पिस्तूल घेऊन येतो. ही जागा माझी, निघा. पुळणी सगळ्यांच्या असतात, उत्तर येतं. आवाज चढतात आणि गोळी सुटते. एक माणूस मेला. पुढच्या वर्षी मालकावर खुनाचा गुन्हा शाबीत झाला.

त्या पुळणीवर नेमकं कोण बरोबर होतं, हा वाद त्यानंतरही मिसूरीत चालू राहिला. 1954 च्या निकालाची भाषा पाण्याखालच्या पात्राची आहे. पुळण पावसाळी पुरात बुडते आणि उन्हाळ्यात उघडी पडते, झाडी कुठे सुरू होते ते दर साली बदलतं. मोंटानासारखी रेषा मिसूरीच्या विधिमंडळाने केव्हाच आखायला हवी होती. दोन माणसांनी काठावर उभं राहून हद्द ठरवावी, त्यातल्या एकाच्या हातात पिस्तूल असावं, याला कायद्याचं राज्य म्हणत नाहीत.

आता आजच्या उन्हाळ्यात या. सरकारी घाटावर उभे आहात, मिसूरीच्या कॉन्झर्व्हेशन खात्याच्या. हा घाटही आपोआप आलेला नाही. 1976 मध्ये मिसूरीच्या मतदारांनी स्वतःवर विक्रीकराचा एक अष्टमांश टक्का वाढवून घेतला, रानं, प्राणी आणि पाण्यासाठी. वाटेचा हक्क न्यायालय देऊ शकतं. वाटेवर यायचं दार पैसे मोजून, राजीखुशीने घ्यावं लागतं. नदी शंभर मैल खुली आणि पायउतार व्हायला एकही जागा नाही, तर त्या हक्काचा उपयोग फक्त काठावर घर असणाऱ्याला.

अमेरिकेत राहणारी किंवा उन्हाळ्यात मुलांकडे जाणारी मराठी माणसंही आता मेरामेकवर, करंटवर, जॅक्स फोर्कवर होड्या भाड्याने घेतात. तुम्ही त्यांतले असाल तर निघण्याआधी राज्याचा कायदा विचारून घ्या, कारण मिसूरीत चालतं ते कोलोरॅडोत चालेलच असं नाही. सरकारी घाटावरूनच चढा-उतरा. पुळणीवर थांबलात तर पाण्याजवळ थांबा. झाडीपलीकडे जाऊ नका. कुणी मालक आला तर वाद घालू नका, हात हलवा आणि पुढच्या वळणावर थांबा. नदीला वळणं भरपूर आहेत. कुंपण लागलं तर वळसा घालून जा, तार तशीच राहू द्या. आणि मिसूरीच्या नद्यांवर काचेची बाटली किंवा फोमचा कूलर न्यायला कायद्यानेच बंदी आहे, खाण्यापिण्याचं सामान असेल तर होडीला कचऱ्याची पिशवी बांधावी लागते. ती पिशवी भरून परत घाटावर आणा.